दोन्ही हात वर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी आमच्या मालकांना नावं ठेवायला नको. ती ठेवायची असतील तर मी आहे, पस्तीस वर्षांचा सराव आहे.

संगमेश, माझा मुलगा, फोनवर तीनदा म्हणाला होता, "अव्वा, आषाढात या. मे महिन्यात नाल्यात बर्फ असतंय." मी हसले. वैशाखात बर्फ? आमच्या होटगीत वैशाखात पत्र्यावर कावळा बसत नाही. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. दुपारी नळ सोडला तर चहाला वेगळं पाणी तापवायला नको. ऊन म्हणजे ऊन, ते सोलापूरला एक आणि हिमाचलला एक असं कसं असेल? मला वाटलं, पोरगं टाळतंय. बापाला तोंड कसं दाखवायचं म्हणून बर्फाचं निमित्त काढतंय. आणि खरं सांगायचं तर मला थांबायचंच नव्हतं. माझी नात पाच महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त मोबाइलच्या काचेत पाहिलं होतं. तिला एकदा मांडीवर घ्यावी, टाळूला तेल लावावं, एवढंच मनात होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

मालक म्हणजे माझे यजमान, प्रभुलिंग. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. मालकी कशाची ते विचारू नका. ते रेल्वेत कीमन होते. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याचा सहा-सात किलोमीटर रूळ पायी चालायचा, हे त्यांचं काम. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या एकेक बघायच्या, सैल असेल ती ठोकून बसवायची. घट्ट चावी हातोड्याखाली टणकन बोलते, सैल असली की थप्प करते. तो आवाज त्यांच्या कानात इतका बसला होता की शेजारच्या खोलीतून, माझ्या भाकरी थापण्याच्या आवाजावरून पीठ सैल झालंय म्हणून सांगायचे. आणि सांगितल्यावर मार खाण्याऐवजी भाकरी खायचे, एवढी मी चांगली.

कीमनचं आणखी एक काम असतं. कुठं रुळाला धोका दिसला की येणारी गाडी थांबवायची. हाताशी लाल झेंडा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरायचे, पंजे उघडे. समोरून मालगाडी येवो की साहेबाची ट्रॉली, ते हात दिसले की थांबायचं. हात खाली येईपर्यंत हलायचं नाही.

संगमेश चार वर्षांचा होता तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पहाटे त्याचे आप्पा निघाले की हा झोपेतून उठून दारात यायचा आणि एका हाताने चड्डी वर ओढून, मग दोन्ही हात वर करून उभा राहायचा. चड्डी पुन्हा घसरायची. मालक अंगणात होते तिथंच थांबायचे. खांद्यावर हातोडा, एक पाय पुढं.

"अवो, उशीर व्हायलाय. उचला त्याला नि द्या हिकडं," मी म्हणायची.

"न्हाय. हात वर हाय की त्याचा. नियम म्हंजे नियम."

पोराचे हात दुखून खाली आले की मगच हे निघायचे. कधी दोन मिनिटं, कधी पाच. सबंध नोकरीत मालक कामावर उशिरा पोचले असतील तर तेवढेच.

असा हा बाप आणि असा हा लेक, आणि चार वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

संगमेशनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, चिंचोळी एमआयडीसीत दोन वर्षं काढली, मग पहाडातल्या एका छोट्या वीज प्रकल्पावर नोकरी मिळाली म्हणून गेला. वर्षाने सुट्टीवर आला तो सांगायला, की तिथली एक मुलगी आहे, अंजना नाव आहे, लग्न करतोय. मालकांनी तोवर अक्कलकोटकडच्या एका घरी शब्द टाकून ठेवलेला. रात्रभर दोघं बोलले, म्हणजे आधी बोलले, मग ओरडले. "जायचं तर जा. माझ्या दाराला पुन्हा हात लावू नगं," हे शेवटचं वाक्य. पहाटे पोरगं बॅग घेऊन निघालं. फाटकापाशी थांबलं, वळून बघितलं. मालक लिंबाखाली बाजेवर बसले होते, हात मांडीवर. त्या दिवशी त्यांनी हात वर केले असते तर तो थांबला असता. हे मी त्यांना चार वर्षांत किती वेळा ऐकवलं ते देवालाच माहीत. 

फोन यायचा तेव्हा मालक उठून बाहेर बाजेवर जाऊन बसायचे. जाताना टीव्ही बंद करून जायचे. आता मला सांगा, ज्याला काही ऐकायचंच नाही त्याला टीव्ही बंद करायची काय गरज? नात झाली तेव्हा मी पेढे वाटले. त्यांनी एक खाल्ला, पण पोरीचं नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हट्ट काही त्यांना एकट्यांनाच येतो असं नाही.

चैत्र संपता संपता मी जाहीर केलं की मी जाणार. तुमच्या पासावर तिकीट काढून द्या, नाहीतर मी आपली एकटी जनरलच्या डब्यातून जाईन. दोन दिवस घरात फक्त पंखा बोलत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट आणून दिलं. त्यावर नावं दोन होती.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"तुला फलाट सापडत न्हाय," ते म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

मी कुंची शिवायला घेतली. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी टोपी, आमच्याकडं पहिल्या नातवंडाला आजीच्या लुगड्याची शिवतात. माझ्या लग्नातलं इरकल होतं, त्याचे काठ अजून शाबूत होते. ते कापताना मालक दारात उभे होते. म्हणाले, "कान झाकतील एवढी कर. तितं गारठा असतो म्हनत्यात." असं कोण म्हणतं ते मी विचारलं नाही.

दौंड मागं पडल्यावर गाडीतून संगमेशला फोन केला, म्हणजे त्याला आम्हाला परतवता येऊ नये. त्यानं आधी गाडीचं नाव विचारलं. मग म्हणाला, "आप्पा पन?"

"हितं शेजारी बसल्यात. शेंगा सोलायलेत."

"अव्वा, पन नाल्यात बर्फ..."

"ये, गप," मी म्हटलं.

संगमेशचं गाव सुरणधार. गावाला जाणाऱ्या रस्त्याचा पूल मागच्या पावसाळ्यात वाहून गेला होता आणि नवा व्हायचा होता, तोवर पायवाटच. खालच्या गावातून जंगलातून चार तास चढायचं, मध्ये एक मोठा नाला ओलांडायचा, की पलीकडं सुरणधार. अंजनाचे मामा दौलतराम खालच्या गावात राहायचे. आम्ही त्यांच्या घरी उतरलो. ठरलं असं, की पहाटे ते आम्हाला घेऊन निघतील, संगमेश पलीकडून नाल्यापर्यंत येईल आणि हात धरून नेईल. दौलतराम आमच्याच वयाचे, मोजून बोलणारे. त्यांनी एवढंच बजावलं की नऊच्या आत नाल्यावर पोचायला हवं. रात्रीचा बर्फ सकाळी कडक असतो, ऊन चढलं की भरवसा नाही. परवापर्यंत गावचे लोक त्यावरूनच येत-जात होते.

नऊच्या आत! पहाटे पाचला निघालो, पण माझी चाल काय वर्णावी. दहा पावलं टाकायची आणि देवदाराला धरून उभं राहायचं. घरी रोज संध्याकाळी कुंभारीच्या रस्त्याला चालून मी तयारी केली होती, पण तो रस्ता बिचारा सपाट. मालकांना मात्र काही वाटत नव्हतं. जन्मभर चालले ते तसेच चालत होते, ना जलद ना हळू, नजर पायापुढं. कमरेत वाकून, हातातली काठी अधूनमधून दगडावर टेकवत. मी मागं राहिले की थांबायचे, पण वळून बघायचे नाहीत. मी पोचले की पुन्हा चालू.

"तुमाला काय वाटतंय का, चार वर्सांनी पोराला बघनार?" मी धापा टाकत विचारलं.

"दम राखून ठेव," ते म्हणाले.

बर्फ पहिल्यांदा सावलीत दिसला, झाडांच्या मुळाशी. मला वाटलं होतं पांढरा शुभ्र असेल. हा मळका होता, त्याच्यावर वाळलेल्या काड्या, माती, कुणा जनावराच्या लेंड्या. मी वाकून बोट लावलं. मे महिन्यात, सोलापूरची बाई, बर्फाला बोट. हसू आलं, मग बोट पदराला पुसलं. संगमेश खरंच बोलला होता.

नाल्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. कोवळं कसलं, चांगलं झणझणीत ऊन होतं. नाला म्हणजे दोन डोंगरांमधली मोठी घळ, ती वरपासून खालपर्यंत बर्फानं भरलेली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत पाच-सहा डब्यांचं अंतर असेल. हे मालकांचं माप. बर्फाच्या पोटातून पाण्याचा आवाज येत होता, एवढा मोठा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. पाणी मात्र कुठंच दिसत नव्हतं. मधोमध जुन्या पावलांची एक मळकी वाट पलीकडं गेलेली. एवढीच वाट. तिच्या टोकाला माझी नात होती.

दौलतरामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. उशीर झालाय, म्हणाले, पण दोर बांधून एकेकाने जाऊ, बघू. मी पदर खोचला. कुंचीची पिशवी गळ्यात अडकवली.

मालक पुढं गेले. काठ सोडून बर्फावर चार पावलं टाकली आणि काठीनं ठोकलं. मग थोडं पुढं, पुन्हा ठोकलं. मान तिरपी, एक कान खाली. मला ती मान ओळखीची होती. पंधरा-वीस पावलांवर ते थांबले, एकाच जागी तीनदा ठोकलं आणि मागं फिरले. आपल्याच पावलांवर पावलं ठेवत आले.

"पोकळ हाय," ते म्हणाले. "काठाला टन वाजतंय. म्होरं निस्तं थप्प."

दौलतराम स्वतः गेले आणि ठोकून आले. दोर गुंडाळायला लागले तेव्हा मला कळलं.

"उद्या पहाटे?" मी विचारलं. दौलतराम म्हणाले, उद्या काय नि परवा काय, खालून पाण्यानं खाल्लाय, दोन दिवसांत बसेल. एकदा बर्फ बसला की नाला उघडा पडतो, मग पाणी ओसरून लाकडी साकव टाकेपर्यंत महिना-दीड महिना कुणाचंच येणं-जाणं नाही. म्हणजे आषाढ.

माझं डोकं फिरलं. खरं तर स्वतःवर फिरायला हवं होतं. पण स्वतःवर फिरलेलं डोकं घेऊन जायचं कुठं? नवरा समोर उभा होता.

"चार वर्सं लेकराला अडवून बसलाव," मी ओरडले. "आता बर्फाचं निमित्त घावलं व्हय? लोकं परवापातूर जात हुती. तुमालाच कसं पोकळ वाजलं? तुमाला यायचंच नव्हतं. तुमाला त्याचं तोंड बघायचं न्हाय, म्हनून मी बी बघायचं न्हाय!"

"तुला काय म्हनायचं ते म्हन," मालक म्हणाले. "ह्याच्यावरनं कुनी जायचं न्हाय."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर झाडांच्या सावलीतून माणसं बाहेर आलेली दिसली, नऊपासून वाट बघत बसली असणार. दोन. पुढचा संगमेश होता. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण आई आहे मी, त्याच्या खांद्यांची ठेवण मला अंधारातही कळेल. मागं हिरव्या ओढणीत अंजना. आणि संगमेशच्या पाठीला लाल शालीत बांधलेलं एक गाठोडं होतं.

त्यानं आम्हाला पाहिलं. हात हलवला आणि पळतच उताराला लागला. तो त्या गावचा झाला होता, रोज ये-जा करणारा. त्याला वाटलं असणार, अव्वाला कशाला दमवायचं, आपणच पोरीला घेऊन जाऊ.

"ये रे!" मी ओरडले. माझ्या तोंडून तेच निघालं. "ये माज्या राजा, ये!" पोकळ, थप्प, सगळं विसरले मी. लाल शाल जवळ येत होती, आणखी पाच मिनिटांत माझ्या हातात असती.

मालकांनी काठी टाकली आणि दोन्ही हात वर केले.

सरळ, डोक्याच्या वर, पंजे उघडे. पाय जुळवलेले. तीन वर्षं झाली होती निवृत्त होऊन, पण उभे राहिले ते रुळावर उभे राहिल्यासारखे. मी त्यांच्या हाताला लोंबकळले. खरंच सांगते, लोंबकळले. लाज वाटते, पण झालं ते झालं.

"खाली करा! येऊ द्या त्याला!"

"हेमा, सोड. दोनी हात दिसायला पायजेत त्याला."

संगमेशचा एक पाय बर्फावर होता. माझी हाक त्या पाण्याच्या आवाजात त्याला गेली नसणार. पण हात दिसले. तो होता तिथं थांबला. एक पाय पुढं, तसाच. ज्या पोरानं बापाचं शिक्षणात ऐकलं नाही, नोकरीत ऐकलं नाही, लग्नात ऐकलं नाही, ते पोरगं दोन हात पाहून जागच्या जागी थांबलं. मग हळूच पाय मागं घेतला.

मी हात सोडला. मालकांनी मात्र खाली केले नाहीत.

"थांबलाय की तो. बसा आता."

"हात खाली आलं की तो निगंल. मला ठावं हाय तो."

वय त्रेसष्ट. थोड्याच वेळात त्यांचे दंड थरथरायला लागले. उन्हाने बर्फ डोळ्यांत टोचत होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते उन्हामुळं की आणखी कशामुळं ते मी विचारलं नाही. मी मागं जाऊन उभी राहिले आणि दोन्ही कोपरं खालून धरली. आताच जे हात मी खाली ओढत होते, तेच वर धरून राहिले. काय करणार, माझंच पोर होतं पलीकडं आणि पोराच्या पाठीवर माझीच नात.

दौलतरामांनी तोवर उतारावरचा एक धोंडा शोधला. त्याला पाय लावून ढकलला. धोंडा बर्फावरून गडगडत गेला, वेग मंदावला, आणि मालकांनी ठोकलं होतं त्याच्या थोडा पुढं गेला असेल नसेल, तोच दिसेनासा झाला. आवाजसुद्धा झाला नाही. होता तिथं बैलगाडी जाईल एवढं भोक पडलं. खाली काळं पाणी धावत होतं.

तेव्हा कुठं मालकांनी हात खाली घेतले. पलीकडं अंजना मटकन खाली बसलेली दिसली.

 बोलून ऐकू कुणाला जाणार? आम्ही ह्या काठाला, ते त्या काठाला. मी कुंची पिशवीतून काढली आणि हातात उंच धरून दाखवली. लाल काठ त्यांना दिसला असेल का, कोण जाणे. संगमेशनं पाठीवरची शाल सोडली, पोरीला पुढं घेतलं आणि आमच्याकडं तोंड करून धरलं. एवढीशी. चेहरा नाहीच दिसला, नुसता एक काळाभोर ठिपका, तिचं जावळ. मोबाइलच्या काचेत ती याहून कितीतरी मोठी दिसायची. चौदाशे मैल येऊन मी तिला आणखी लहान केली होती. मला रडू फुटलं, आवरलं नाही, आवरायचंही नव्हतं.

दौलतराम म्हणाले, निघायला हवं, दुपारनंतर वरून दगड सुटतात. मालकांनी काठी उचलली, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि वळले. एक पाऊल टाकलं. जाता जाता त्यांनी मान वळवून मागं पाहिलं आणि थांबले.

पलीकडं संगमेशनं पोरीला दगडावर उभं केलं होतं. म्हणजे स्वतःच्या छातीला टेकवून धरलं होतं, पाच महिन्यांचं पोर उभं कसलं राहतंय. आणि तिचे दोन्ही हात धरून डोक्यावर सरळ वर केले होते.

मालक जागेवरच उभे. खांद्यावर पिशवी, एक पाय पुढं.

दौलतरामांनी पुन्हा हाक दिली. मी डोळे पुसत म्हटलं, "अवो, चला. ते बोलवायलेत."

"न्हाय," मालक म्हणाले.  "हात वर हाय की तिचा."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दौलतरामांना काही कळलं नाही, पण शहाणा माणूस, दोर खाली ठेवून दगडावर टेकले. पाणी खालून गरजत होतं. मालक हलले नाहीत, पलीकडं संगमेश हलला नाही. चार वर्षं फाटकापाशी थांबून राहिलेलं पोरगं, असं मला वाटलं. शेवटी मीच ओरडले, "संग्या, दुखतील रे तिचं हात!" त्याला ऐकू गेलंच नसणार. पण थोड्या वेळानं हात खाली आले. मालकांनी मान हलवली आणि चालू लागले.

अर्धा डोंगर उतरून झाल्यावर ते पुढं बघतच म्हणाले, "नाव काय तिचं?"

पाच महिने मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. चांगलं खेळवायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी अंगात तेवढा जोर नव्हता.

"निंगव्वा," मी म्हटलं. "कागदावर दुसरं कायतरी हाय, अंजनाच्या आवडीचं. घरात निंगव्वा."

"माज्या आईचं?"

"मग काय माज्या? माज्या आईचं नाव कवापास्नं निंगव्वा झालं?"

ते एका दगडावर बसले. मीही बसले. पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जी मी लेकासाठी चौदाशे मैलांवरून आणली होती, ती आम्ही दोघांनी दौलतरामांना देऊन खाल्ली. गोड लागली नाही.

आता होटगीत परत येऊन पंधरवडा झाला. ज्येष्ठ लागला तरी ऊन तसंच आहे. मालक पहाटे साडेपाचला, कामावर निघायच्या वेळेला, बाजेवर बसून सुरणधारला फोन लावतात. "हां, संग्या. बर्फ किती ऱ्हायलं?" तो सांगतो. "साकव कवा टाकनार?" तो सांगतो. "बरं. ठेवतो." एवढंच. पण परवा 'ठेवतो' म्हणून ठेवला नाही. बराच वेळ कानाला तसाच होता. मी जवळ गेले तर पलीकडून पोरीच्या हुंकाराचा आवाज येत होता. ते डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकत होते.

आषाढातली तिकिटं आली आहेत. बर्फ रोज थोडा वितळतोय आणि पोरगी रोज थोडी वाढतेय. मी संगमेशला सांगून तिच्या डोक्याचं माप घेतलं, त्यानं दोरा धरून मोजलं. कुंची आत्ताच घट्ट होईल. काल दुपारी मी सगळी शिवण उसवली, काठाचा राहिलेला तुकडा जोडला आणि कुंची दोन बोटं वाढवली. आणखी एक बोट कापड आत दुमडून ठेवलंय, बर्फाला उशीर झालाच तर.